म्हस्कूचा जबाब

म्हस्कू अंगणात दोर वळत होता आणि त्याची बायको रतन दुसरं टोक धरून उभी होती, तेवढ्यात जमादार आला. बागाईतदार सर्जेरावांच्या घरातली पुतळ्यांची माळ नाहीशी झाली होती. सणसरकडच्या त्या वाडीत चोरी झाली, की तपास मांगवाड्यात सुरू होई आणि तिथंच संपे.

तीन दिवस म्हस्कूला चावडीत कोंडलं. तळपायांवर छड्या बसल्या. "घेतलीच न्हाय, तर सांगू काय?" एवढंच तो म्हणे. चौथ्या दिवशी जमादार हळूच म्हणाला, "उद्या इंदापुरात मामलेदारासमोर कबूल हो. न्हायतर तुझ्या बायकोला हितं आणतो."

म्हस्कूनं मान डोलावली.

कचेरीच्या पायरीशी रतन उभी होती. चावडीतल्या धमकीची कुणकुण लागली, तशी ती वाडीवरून चालत आली होती. तिनं त्याला लंगडताना पाहिलं. शिपाई तंबाखू मळण्यात गुंतला तशी ती जवळ सरकली.

"माझ्यापायी खोटं बोलू नगा. मी परस्पर बारामतीला जाती, कुशाआत्याकडं. तितं मला कोन धरतंय?"

"मला लई भ्या वाटतंय, रतन."

"मला बी."

आत गेल्यावर मामलेदारांनी पोलिसांना बाहेर घालवलं. "म्हस्कू, कबुलीजबाब द्यायलाच हवा असं नाही. दिलास तर तो तुझ्याविरुद्ध पुरावा होईल. गप्प राहायचा तुला हक्क आहे."

हक्क! हा शब्द आजवर त्याच्याशी कुणी बोललं नव्हतं. त्याला तो सापळाच वाटला. दाराखालच्या फटीतून जमादाराचे बूट दिसत होते.

"साहेब, न्हाय बोललो, तर मला पुन्हा त्येंच्याच हाती देनार?"

"नाही. तुरुंगात पाठवीन. पोलिसांकडे नाही."

कारकुनानं टाक दौतीत बुडवला. जमादारानं पढवलेली सारी वाक्यं म्हस्कूच्या जिभेवर होती. त्यानं दात घट्ट आवळले. टाकावरची शाई वाळली, तरी त्यानं तोंड उघडलं नाही.

"बोलला न्हाय, म्हंजी त्यानंच चोरली," गाव म्हणालं.

म्हस्कूच्या तुरुंगवासाच्या बाविसाव्या दिवशी माळ सर्जेरावांच्याच जावयाकडे सापडली. म्हस्कू सुटला आणि लंगडतच वाडीत आला. सर्जेरावांच्या ओट्यावर माणसं बसली होती. त्याला पाहताच बोलणं थांबलं. सर्जेरावांनी मान खाली घातली. कुणी चुकलो म्हणालं नाही, कुणी बस म्हणालं नाही.

त्यांच्या त्या गप्प राहण्याला मात्र कुणी कबुली म्हटलं नाही.