मोजपट्टी

लाल साडी निहारिकाची नव्हती, तिच्या नवऱ्याची, यतिनची होती. म्हणजे नेसायची तिने. पण आणली त्याने, रंग कॅमेऱ्यावर तपासून, पुण्याच्या दुकानदाराला घाम फोडून. ऑस्ट्रेलियात कालगुर्लीला, खाणींच्या गावात, नोकरीला आल्यापासून सुट्टीच्या दिवशी गाडी काढायची, उत्तरेच्या माळरानात भटकायचं आणि फोटो काढायचे हा त्याचा नाद होता. नजर पोचेल तिथवर खुरटी करडी झुडपं, मिठाची पांढरी तळी, लाल मातीचे तुटके कडे, आणि त्यात कुठेतरी नखाएवढी ती साडी. पर्थच्या एका गॅलरीत हे फोटो लागले तेव्हा तिथल्या मराठी मंडळातल्या बायका म्हणाल्या होत्या, "वहिनी, नशीब लागतं हो! तुमच्याशिवाय एक फोटो काढत नाहीत."

निहारिका खाणीत भूशास्त्रज्ञ होती. खडकाचा फोटो घेताना ती शेजारी आपला हातोडा ठेवायची, म्हणजे बघणाऱ्याला खडक केवढा ते कळतं. यतिनच्या फोटोत तिचं तेवढंच काम होतं. मोजपट्टीचं. फरक इतकाच, की हातोड्याला कोणी मारत नाही.

यतिन मारायचा तेही फ्रेम सांभाळून. पाठीवर, दंडाच्या वरच्या बाजूला, केसांत. ब्लाउजची बाही कुठवर येते हे त्याला शिंप्यापेक्षा नीट माहीत होतं.

त्या शनिवारी मात्र निहारिका आपणहून साडी नेसून गाडीत बसली. हा शेवटचा फेरा, असं तिने मनाशी ठरवलं होतं. पर्थला एका प्रयोगशाळेत तिला नोकरी मिळाली होती. सोमवारी सकाळचं विमान होतं, बॅग मैत्रिणीकडे, यामिनीकडे, नेऊन ठेवली होती. दोन दिवस त्याला काही कळता कामा नये, बस.

"आज गप्प गप्प?" यतिनने विचारलं.

"ऊन लागतंय."

"मग गॉगल घाल. तोंड पाडून बसू नकोस. तोंडाचा फोटो नाही काढायचा मला."

मेंझीजच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक कांगारू पडलं होतं. तीन-तीन डबे ओढणाऱ्या एखाद्या लांबलचक ट्रकने, रोडट्रेनने, उडवलं असावं. मागचे पाय निकामी झाले होते आणि ते पुढच्या पायांनी माती ओढत होतं, ओढत होतं आणि जागच्या जागीच होतं. जवळच्या खांबावर गरुड बसून होता. यतिनने ब्रेक मारला.

"उतर. त्याच्या मागे उभी राहा."

"ते जिवंत आहे, यतिन."

"म्हणूनच. थांब, पदर सोड वाऱ्यावर. थांब तशीच."

'थांब' हा त्या घरात यतिनचा शब्द होता. थांब, म्हणजे हलू नकोस. थांब, म्हणजे मी सांगेपर्यंत तिथेच. आणि थांब, आता बघतोच तुझ्याकडे. निहारिकाही तोच शब्द वापरायची, पण तिचा हात डोक्यावर असायचा. थांब ना, यतिन, थांब. त्या शब्दाने तो कधी थांबला नव्हता. उलट त्याला चेव चढायचा.

शटर वाजत राहिलं. कांगारूच्या नाकातून लाल फुगे येत होते. यतिन लेन्स बदलायला वळला तशी निहारिका गाडीकडे गेली, डिकीतून आपला हातोडा काढला, जनावराच्या कानामागची जागा बघितली आणि घाव घातला. एकच. आवाज अगदी लहान झाला. मग तिने पोटाची पिशवी चाचपली, रिकामी होती.

"अगं ए! उजेड आत्ता कुठे येत होता!" यतिन ओरडला. मग तिच्या निऱ्यांवरचे शिंतोडे बघून हसला. "जाऊ दे. लालच आहे, दिसणार नाही."

तिने हातोडा मातीत पुसला आणि गाडीत पायाशी ठेवला. गाडी निघाली.

मेंझीज हे चार इमारतींचं गाव, पण तिथे टॉवर आहे. तासभर मुका असलेला निहारिकाचा फोन रेंज येताच जागा झाला. नकाशासाठी तो गाडीला जोडलेला होता, हे तिच्या लक्षात यायला आणि गाडीने निरोप वाचायला लागायला एकच गाठ पडली. यामिनीने नेहमीसारखं मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं. गाडीतली बाई ते आपल्या गोऱ्या उच्चारांत वाचू लागली.

"मेसेज फ्रॉम यॅमिनी. बॅग मॅज्याकेड आहे, कॅल्जी नॅको. सॉमवारी सॅकॅली एअरपोर्टला सॉड्टे. टायला कालू ड्यू नॅकॉस."

यतिन खो खो हसला. "टायला कालू! हा कोण नवीन? खाणीतला का?"

"असेल कोणीतरी," ती म्हणाली.

"असेल म्हणजे? यामिनी टायला कालूची बॅग का सांभाळते?" तो अजून हसतच होता. "टायला कालू... टायला... कालू ड्यू..."

तिने खिडकीबाहेर बघितलं. शेजारी त्याचे ओठ हलत होते. कोडं सुटत आलेल्या मुलासारखा तो एकेक अक्षर तोंडात घोळवत होता. मग हसू विझलं.

"त्याला," यतिन सावकाश म्हणाला. "कळू. देऊ. नकोस."

पुढचं तिला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. त्याचा डावा हात तिच्या मानेमागे आला आणि कपाळ काचेवर आदळलं. पुन्हा आदळलं. गाडी रस्ता सोडून खडीवर गेली, परत वर आली. समोरून येणारी रोडट्रेन लांबच लांब भोंगा वाजवत गेली.

"थांब, यतिन! गाडी थांबव!"

"थांब तू! थांब, दाखवतो तुला विमान!"

डांबर संपलं, लाल कच्चा रस्ता लागला. कड्याशी पोचल्यावर त्याने इंजिन बंद केलं आणि तिच्या पायाशी पडलेला हातोडा उचलला. तिचा फोन बॉनेटवर ठेवून एका दणक्यात फोडला. बॉनेटलाही खड्डा पडला. त्या खड्ड्याचाच जास्त राग आल्यासारखं त्याने तिच्या कानशिलात लगावली. कानात शिट्टी वाजू लागली.

"चल. फोटो राहिलाय."

आणि त्याने खरंच कॅमेऱ्याची तिपाई लावली. हे निहारिकाला सर्वांत भयंकर वाटलं. रागात माणूस आंधळा होतो म्हणतात; यतिनला सगळं नीट दिसत होतं. त्याने कॅमेऱ्याची पिशवी खाली ठेवली, क्षितिज पातळीत आणलं, शटर आपोआप वाजत राहील असं लावलं. मग तिच्या केसांना धरून तिला कड्याच्या टोकाकडे नेलं.

इथे पठार एकाएकी तुटतं आणि खाली दोन-तीन घरांच्या उंचीएवढी पांढरी भिंत उतरते. वरचा थर लोखंडाने घट्ट झालेला, लाल. खालचा खडूसारखा मऊ. पाऊसवारा खालचं खातात, वरचं तसंच पुढे उरतं, खांबांशिवायच्या गॅलरीसारखं. मागच्या खेपेला इथेच तिने त्याला सांगितलं होतं, "त्या जिभेवर पाय ठेवू नकोस, खाली काही नाही." तेव्हा तो म्हणाला होता, "तुझं जिओलॉजी सोमवार ते शुक्रवार ठेव."

"तिकडे उभी राहा. टोकाला."

"नाही."

त्याने हातोड्याचा दांडा तिच्या बरगडीत खुपसला. तिचा श्वास गेला. दुसरा फटका खांद्यावर बसला, तिसरा हुकला, कारण ती खाली बसली होती. बसल्या बसल्याच ती सरपटत बाजूला गेली, टोकाकडे नाही, कडेला समांतर, जिथे जमिनीत भेग नव्हती तिकडे. तिच्या हाताला जमीन कळत होती. यतिनला ती कळत नव्हती. त्याला तिच्यापुढे जाऊन तिची वाट अडवायची होती. वळसा घालून तो बाहेरच्या बाजूने आला. हातोडा वर होता. त्याच्या बुटापुढे मातीत केसासारखी बारीक भेग होती, आणि तिच्या पलीकडे ती जीभ.

"थांब!" निहारिका ओरडली.

हात डोक्यावर न घेता ओरडली. सरळ त्याच्या पायांकडे बोट दाखवून. पण यतिनने फक्त शब्द ऐकला, रोजचा, ओळखीचा. त्याच्या तोंडावर तेच हसू आलं.

"थांब म्हणे," तो म्हणाला आणि पाय पुढे टाकला.

मोठा आवाजही झाला नाही. ठिसूळ भाकरीचा तुकडा मोडावा तशी जीभ मोडली. तो उभाच्या उभा खाली गेला, हातोड्यासकट, आणि मग दगडांवर दगड पडण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. पांढरी धूळ वर आली. तिपाईवरचा कॅमेरा मात्र चालूच होता. खट्. खट्.

भेगेपासून लांब, ती पोटावर आडवी होऊन खाली डोकावली. यतिन उतारावर अडकला होता. एक पाय माणसाचा पाय वळत नाही तिकडे वळला होता. मांडीतून हाड बाहेर आलं होतं, पण रक्त उसळत नव्हतं. म्हणजे मोठी शीर शाबूत होती. तिने हे सगळं बघितलं आणि मनात नोंदवलं.

"निहा," खालून आवाज आला. "निहा, पाय..."

गाडीची किल्ली कॅमेऱ्याच्या पिशवीत होती. गाडीत खाणीने दिलेला पिवळा बीकन होता. बटण दाबलं की उपग्रहामार्फत बचावाच्या लोकांना जागा कळते. यतिनला तसंच पडून राहू देता आलं असतं. हा विचार तिच्या मनात आला, तिने तो पूर्ण येऊ दिला, त्याच्या सगळ्या बाजू बघितल्या. रात्री थंडी पडते. सकाळी गरुड येतात. मग तिने बीकनची तार उभी केली, बटण दाबलं, आणि उघड्या आभाळाखाली दगडांत घट्ट बसवला. पाण्याच्या बाटल्या एकेक करून यतिनच्या हाताशी पडतील अशा टाकल्या. एक फुटली.

"निहा, कुठे चाललीस? थांब! ए, थांब ना गं! थांब!"

असं 'थांब' तिने त्याच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. तिचंच होतं ते, तिच्याच सुरातलं. तिने निऱ्या वर खोचल्या आणि गाडीकडे चालू लागली. बरगडी प्रत्येक पावलाला टोचत होती.

मेंझीजच्या पोलीस चौकीत एकच कॉन्स्टेबल होती, तरुण, नाकावर ऊन लागून सोललेली. बीकनचा निरोप तिथे आधीच पोचला होता. निहारिकाचं कपाळ बघून तिने आधी बर्फ आणला, खुर्ची दिली, रुग्णवाहिका कड्याकडे निघाल्याचं सांगितलं, आणि मग विचारायला लागली. निहारिकाने पहिल्यापासून सगळं सांगितलं, साडीपासून. कॉन्स्टेबल टाइप करत होती.

"पडायच्या आधी तू त्याला काही म्हणालीस?"

"हो. 'स्टॉप' म्हणाले."

"आणि पडल्यावर तो काही बोलला?"

"'वेट' म्हणाला."

कॉन्स्टेबलने कागद छापून तिच्यापुढे ठेवला. नीट वाच, मग सही. निहारिकाने वाचला. दोन वेगळे शब्द, दोन वेगळ्या ओळींत. मूळ शब्द एकच होता हे सांगावं का, असं क्षणभर तिच्या मनात आलं. अचूकतेची जुनी खोड. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात रेडिओ खरखरला. कॉन्स्टेबलने ऐकून घेतलं.

"पोचलेत ते. जिवंत आहे तुझा नवरा. शुद्धीवर आहे, पर्थला हलवतील." ती जरा घुटमळली. "तो म्हणतोय, तिला सांगा, माझ्यासाठी थांब."

निहारिकाने बर्फाची पिशवी बाजूला ठेवली.

"सही कुठे करायची?" तिने विचारलं.