विहिणीच्या पंगतीला रोमचे अक्रोड

“श्रेयाच्या लग्नात विहिणीच्या पंगतीला तूच पुढं हो अन् गाण्यातून विहिणीची चांगली जिरव. गोडगोड बोलून घात करू नको. पोरीच्या मागं तोंडाची माणसं हायेत, हे पहिल्याच दिवशी कळू दे त्यांना.”

माझ्या सासूबाई, मनकर्णाबाई, देवाघरी जायच्या आधी हे सांगून गेल्या. मी तुळशीला हात लावून व्हय म्हटलं. आता माझे रोजचे नेम सगळ्यांना ठाऊक. पोथीचा अध्याय झाल्याशिवाय पाणी नाही, वाईट शब्द तोंडात नाही. गल्लीतल्या कुत्र्यालाही मी “बाळा, सरक” म्हणते. एवढ्या बायांमधून सासूबाईंना नेमकी मीच सापडले.

त्यात नवरदेवाच्या मामांचा, राजेंद्ररावांचा, उस्मानपुऱ्याहून निरोप आला. विहिणीची गाणी नकोत, गावंढळ वाटतात, आमच्याकडं सगळे शिकलेले. मी हसून बरं म्हटलं. हसून बरं म्हणायला मला नेम लागत नाही.

चितेगावच्या अलीकडच्या मंगल कार्यालयात विहिणीची पंगत बसली. विहीणबाई द्वारकाबाई मधोमध, शेजारी नवरदेव कृष्णराव आणि माझी लेक श्रेया. वाढपी जिलेबी घेऊन फिरत होते, तेवढ्यात राजेंद्ररावांनी माईक घेतला. एका उन्हाळ्यात ते सहलीवाल्यांबरोबर ग्रीसला जाऊन आले, तेव्हापासून घरी चहासुद्धा ग्रीक पद्धतीनं फुंकतात.

त्यांनी सांगितलं की, ग्रीसमध्ये नवरीच्या मैत्रिणी रात्री खोलीच्या दाराशी उभ्या राहून गात, लग्नाच्या देवाला नाव घेऊन हाका मारत. रोमची माणसं तर वरातीत नवरदेवाचीच टिंगल गात. ती इतकी फाजील, की सांगताना मामांना घसा साफ करावा लागला. वर अक्रोड उधळत. चेष्टेनं दृष्ट टळते, ही केवढी प्रगल्भ समज, असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या. द्वारकाबाईंनी तर डोळे टिपले.

माझी जाऊ कडूबाई कानाशी लागली. “रोमवाल्यांनी केली तर समज, अन् आपण केली तर गावंढळ. लई भारी शिकलेत हे.”

मी तिला हळू बोल म्हटलं. माणसं जेवत होती.

मग मामांनी त्या धर्तीवर स्वतः रचलेलं गाणं म्हटलं. त्यात कृष्णराव सिंह होते, पहाट होते, द्राक्षाचा वेलही होते. श्रेया एकदाच आली, शेवटच्या ओळीत, ‘आज्ञाधारक’ म्हणून. टिंगल कुणाचीच नव्हती. ती बहुधा रोमलाच राहिली.

द्वारकाबाईंनी श्रेयाकडं पाहून मान डोलवली. “ऐकलंस ना?” त्या म्हणाल्या. “शेवटची ओळ ध्यानात ठेव.”

श्रेयानं हातातली जिलेबी ताटात ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. एरवी घरात तिचा आवाज माझ्या आरतीवर चढतो.

मामांनी ताटभर अक्रोड फिरवायला दिले होते. ते ताट माझ्यापर्यंत आलं, तेव्हा मी दोन उचलले. डोळे मिटून देवाला सांगितलं, आजचा नेम मोडतेय, उद्या तुझ्यापुढं उपाशी बसेन. मग पदर डोक्यावरून नीट घेतला, कडूबाईला टाळी धरायला सांगितली, आणि पंगतीच्या मधून, कुणाच्या ताटाला पाय लागू न देता, विहीणबाईंच्या समोर जायला निघाले.