माएस्त्रोंच्या वायरी

ब्रिहिदाने जाड वायर कटरच्या जबड्यात धरली आणि कचकन तोडली. तोडलेला तुकडा तिने वर, डेकवरून केबिनमध्ये डोकावणाऱ्या नवऱ्याच्या हातात दिला.

"बघ. थिंबल हातोड्यानं ठोकलीय."

आन्सेल्मोने वायरीच्या टोकाची तांब्याची टोपी बोटाने हलवली. ती सुटून त्याच्या तळहातावर पडली.

"मग सांगून टाक ना त्यांना."

"कुणाला, माएस्त्रोला?" ब्रिहिदा हसली. "अरे, लहान पोराला पिठाचा गोळा देऊन बसवतात ना, तशी अख्खी नदी त्या म्हाताऱ्याला वायरी देऊन बसवते. तो खूश. त्याची पाठ वळली की जो तो आपापलं परत करून घेतो. पलीकडच्या बोटीवरच्या लूर्देसने केलं, ब्राझीलवाल्यांनी केलं. हात थरथरतात, डोळ्यांना दिसत नाही, आणि शिकवतो कुणाला, तर मला! एक दिवस कुणाची तरी बोट पेटवेल."

समुद्रावर वादळांचा हंगाम होता. दरवर्षीप्रमाणे बोटींवर राहणारी माणसं रिओ दुल्से नदीच्या वळणावर नांगर टाकून डागडुजीला लागली होती. ब्रिहिदा शिशाच्या जुन्या बॅटऱ्या काढून लिथियमच्या बसवत होती. त्यासाठी केबिन उपसून काढली होती. गाद्या, फळ्या, भांडी, सगळं रेडिओच्या कोपऱ्यात एकावर एक रचलेलं.

तेवढ्यात बोटीच्या अंगावर बाहेरून टकटक झाली.

नदीवर सगळे ज्यांना 'माएस्त्रो', म्हणजे उस्ताद, म्हणत, ते आपल्या वल्ह्याच्या होडीत उभे होते. एका हाताने त्यांनी बोटीची कड धरली होती. एरवी ते न विचारता वर चढत आणि आधी कॉफी मागत. आज चढले नाहीत.

"पोरी, तुझ्या रेडिओचं बटण दबलंय," ते म्हणाले. "चॅनल अडलंय. कुणालाच बोलता येईना. माझी बोट सगळ्यात जवळ, म्हणून आलो."

ते वल्हं मारत निघून गेले. ब्रिहिदा खाली धावली. गेल्याच आठवड्यात तिने बसवलेला नवा माइक गाद्यांच्या ढिगाखाली चेपला होता; बोलायचं बटण दबून राहिलं होतं आणि केबिनमधलं सगळं बोलणं नदीभर गेलं होतं. म्हणूनच रेडिओ सकाळपासून एवढा गप्प होता. तिने माइक ओढून काढताच केबिनभर आवाज फुटले.

"सुटलं एकदाचं!"

"ब्रिहिदा, उद्याचा कार्यक्रम किती वाजता?"

कुणीतरी हसलं. मग लूर्देसचा आवाज आला, "पुरे करा रे." नदीवर प्रत्येक बोटीचा रेडिओ त्याच चॅनलवर, दिवसभर चालू असतो.

ब्रिहिदा बॅटऱ्यांमध्ये मांडी घालून बसली. थोड्या वेळाने तिने एक स्क्रू उचलला, पुसला आणि परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे रेडिओवर सगळ्यांची हजेरी झाली. हवामान झालं, कुणाला काय हवं-नको झालं. "कुणाला मदत हवीय?" हा प्रश्न आला, की माएस्त्रोंचा आवाज यायचा: 'विजेचं काही असेल तर मी आहे, पोरांनो.' आज तिथे नुसती खरखर आली. हजेरीची सूत्रं सांभाळणारा जरा थांबला आणि पुढे गेला.

"जा," आन्सेल्मो म्हणाला.

"काय सांगू? खोटं बोलले म्हणू? खरंच होतं ते."

"ते तू ठरव. पण जा."

तिने धक्क्यावरून नारळाचा पाव घेतला आणि माएस्त्रोंची बोट गाठली. वाटेत तिने माफीचं वाक्य जुळवलं, मोडलं, पुन्हा जुळवलं. माएस्त्रोंनी हात देऊन तिला वर घेतलं. त्यांचा हात थरथरत होता. तिने तिकडे पाहिलं नाही.

"माएस्त्रो, काल मी जे..."

"लूर्देसने पण परत केलं?"

"हो."

"आणि ब्राझीलवाल्यांनी?"

तिने मान हलवली.

"अजून?"

"जवळजवळ सगळ्यांनीच."

माएस्त्रो पाण्याकडे बघत राहिले. पल्याडच्या एका बोटीवरची बाई कपडे वाळत घालता घालता थांबली होती. ब्रिहिदाने मान वर करताच ती आत गेली.

"म्हातारा म्हणालीस, त्याचं काही नाही," ते म्हणाले. "आहेच मी म्हातारा. पण काल रात्रभर एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. सगळ्यांना माहीत होतं, सगळ्यांनी आपापल्या बोटीतलं काढून टाकलं." त्यांनी केबिनच्या दाराकडे हनुवटी केली. "मग इथे कुणीच कसं आलं नाही? या बोटीच्या वायरीही मीच केल्यात, पोरी. तशाच."

ब्रिहिदाने जुळवलेल्या वाक्यातला एकही शब्द आता कामाचा नव्हता. या बोटीवर तिने कितीतरी संध्याकाळी मासे खाल्ले होते, पत्ते खेळले होते. वायरींचा विचार तिच्या मनात आला नव्हता, असंही नाही. आला होता, आणि वाईट दिसेल म्हणून तिने तो बाजूला सारला होता.

ती पाव ठेवून खाली उतरली.

"बॅटऱ्या कुठे आहेत?"

"पलंगाखाली."

त्यांनी स्वतःच उशी उचलली, चादर गुंडाळली, गादी भिंतीला टेकवली. ब्रिहिदाने फळी काढली. बॅटरीपासून निघालेल्या वायरीला कुठेच फ्यूज नव्हता. टोकापाशी तिचं लाल आवरण तपकिरी पडलं होतं. ब्रिहिदाने फळी उलटी केली. वायर जिथे फळीला लागत होती तिथे लाकूड काळं झालं होतं. तिने त्यावर तळहात ठेवला. लाकूड ऊन होतं.

मागे माएस्त्रो चष्मा पुसत उभे होते.

"वाईट आहे का गं?"

तिने आधी वायर बॅटरीपासून सोडवली, तिचं टोक कापडात गुंडाळलं आणि बाजूला ठेवलं. मग ती गुडघ्यांवर वळली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाली,

"हो, माएस्त्रो. वाईट आहे."