बंदीच्या महिन्यात पाहिलेली जागा

आर्किटेक्ट क्षितिजा सकाळीच जागेवर येऊन थांबली होती. नोकरी सोडून स्वतःच्या नावावर घेतलेलं हे पहिलंच काम, आणि आज गुणवंतशेठ उत्तनच्या टेकडीवर निसर्गोपचार केंद्राचा आराखडा पास करायला येणार होते. मातीच्या भिंती, दगडी कुंडं, मालिशसाठी सहा कुट्या, साऱ्यांची तोंडं समुद्राकडे. ‘इथला वारा हेच औषध,’ असं तिनं पहिल्या पानावर मोठ्या ऐटीत लिहिलं होतं.

जागा तिनं जूनमध्ये पाहिली होती. मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, हवा कशी धुतल्यासारखी! दरवर्षी उत्तनचे सुके बोंबील चवीनं खाणाऱ्या बाईला ते कुठं आणि कधी वाळतात हे सुचू नये, याला काय म्हणावं? आता ऑक्टोबर उजाडला होता. टेकडीखाली बांबूच्या वलांड्यांवर हजारो बोंबील लटकत होते आणि वास थेट वर येत होता.

शेठ गाडीतून उतरले ते नाकाला रुमाल लावूनच. माणूस वाईट नव्हता, पण कांदासुद्धा न खाणारा.

“मॅडम, ये बांबू किसके?”

“गावच्या बायकांचे.”

“कागद आहे त्यांच्याकडे?”

“कागद नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या...”

“मग नकाशात तिथं मोकळी वाळू दाखवा. सही करा. बाकी मी बघतो.”

खाली मंदामावशी बोंबील उलटत होती. जूनमध्ये हिनंच पावसाचं पाणी कुठून धावतं ते दाखवलं होतं. त्यावरच कुंडं बेतलेली.  क्षितिजानं नकाशावर वलांड्या काढल्या, एकेक करून, आणि खाली सही ठोकली.

“चूक माझी आहे, शेठ. कुट्या टेकडीपलीकडे नेते. फुकट करून देते.”

“तिथून समुद्र दिसतो?”

“नाही.”

“मग मला दुसरी मॅडम शोधावी लागेल.”

गाडी वळून गेली. क्षितिजा तिथंच बसून रडली.

मंदामावशी चढून आली. “काय झाला गो बाय? शेठला वास नाय आवडला?”

“नाही.”

“आनि तुला?”

“मी लहानपणापासून हेच खातेय, मावशी,” क्षितिजा डोळे पुसत म्हणाली. “वाळताना बघायला मात्र कधी आले नव्हते.”