पस्तीसचे कपॅसिटर

कोळवण खोऱ्यात अँप्लिफायर बनवावा तर सोमनाथनंच, असं मी म्हणत न्हाई, लोक म्हणत्यात. बाप मेंढरं राखायचा, मी सोल्डरिंग गन धरली, तीस वर्षं झाली. आता हात कापतोय. पोरगी उत्कर्षा डिप्लोमा करून दुकानात बसाय लागली तवापासून एकाच गोष्टीपायी जीव टांगणीला लागला व्हता: गाव तिला मेस्तरी मानतंय का न्हाई. कुणीबी मिक्सर घेऊन यायचं आणि तिलाच इचारायचं, "बा कुटाय तुजा?"

मग देवस्थानाच्या अण्णासाहेबांनी भजनाला अँप्लिफायर सांगितला. मी म्हणलं, "पोरगी बनवंल."

"बनवू दे की," अण्णासाहेब म्हणले. "नीट वाजला तर हितनं पुढं देवळाचं, शाळेचं समदं काम तिला. न्हाई वाजला तर मग पुन्यांदा तिचं नाव काढू नगंस."

पोरगी आठ दिस जेवायचीबी इसरली. आमचं वाजलं ते कपॅसिटरवरनं. कपॅसिटर म्हंजी इजेची टाकीच. टाकी मोठी तेवढी कर्ण्यातली घरघर कमी. पर दाब किती सोसंल ते तिच्या अंगावर व्होल्टात लिवलेलं असतंय. माझ्याकडं जुन्या मशीनमधले चांगले जाडजूड व्हते, पर पस्तीस व्होल्टाचे. तिनं पुण्यातनं नवे आणले. पोटानं निम्मे, पर त्रेसष्ट व्होल्टाचे.

"आबा, आपल्याकडं लाईन लई वर-खाली हुती. दाबाला वर जागा सोडाय पायजे."

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा," मी म्हणलं. माझी बायको राजाबाई भाकरी थापता थापता हसली. पोरगीबी हसली, आणि तिनं त्रेसष्टचेच लावले.

वाजवून बघितला तर बारीक घरघर. भजनात ती कुणाच्या बापाला ऐकू आली नसती. मला आली. मनात म्हणलं, अण्णासाहेब नाक मुरडणार, पोरगी जन्माची नापास. ती अँप्लिफायरचा पत्र्याचा डबा आणाय पौडला गेली तवा मी कपॅसिटरच्या टोकांना मीटर लावला. तेहतीस व्होल्ट! पस्तीसच्या आत. मग काय, तिचे काढले, माझे लावले. घरघर गायब. डबा आल्यावर तिला म्हणलं, "तू च्या पी, दमलीयास, मी आवळतो स्क्रू." सांगितलं मातुर न्हाई. पोरीचं नाव व्हावं एवढंच मनात व्हतं, बिरोबाची आण.

आता ऐका माझं शहाणपण. आमच्याकडं शेतीची लाईन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रातची. मी मीटर लावला तवा नदीकाठच्या समद्या मोटारी चालू व्हत्या आणि लाईन पार बसलेली. मोटारी थांबल्या की लाईन चढणार आणि माझे तेहतीस पस्तीसच्या वर जाणार, हे शेंबडं पोरगंबी सांगंल. तीस वर्षं घासूनबी माझ्या डोक्यात आलं न्हाई.

सोमवारी सकाळी देवळात अँप्लिफायर लावला. त्या आठवड्यात शेतीची लाईन रातची, म्हंजी मोटारी बंद आणि लाईन चढलेली. धा मिंटं झकास वाजला. अण्णासाहेबांनी मान डोलावली. पोरीनं माझ्याकडं बघितलं तवा मला रडूच यायचं बाकी ऱ्हायलं. मग डब्यात सूंऽऽ असा आवाज व्हाय लागला. तिनं वायर काढली, झाकण उचललं आणि ती आत वाकली. तेवढ्यात कपॅसिटर फाटकन फुटला.

डावा डोळा गेला. पुण्याच्या डॉक्टरांनी दोन दिस खटपट केली, पर गेला तो गेलाच.

दवाखान्याच्या जिन्यात अण्णासाहेबांनी इचारलं, "सोमनाथ, झालं कसं रं हे?"

"पोरीनं कमी व्होल्टाचे कपॅसिटर लावले. मी सांगत व्हतो तिला."

आयला, तिथंच जीभ झडली असती तर बरं झालं असतं. कुणी दम दिला नव्हता, कुणी गळा धरला नव्हता. आपसूक आलं तोंडातनं. अण्णासाहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "पोरीबाळींचं काम न्हाई ते," म्हणले. गावात सांजच्यापर्यंत तेच झालं. दुकानाला काम उलट वाढलं. यील त्यो म्हणतोय, "तुमीच बघा हां, पोरीला देऊ नगा."

घरी आणल्यावर चार दिस ती पडून व्हती. पाचव्या दिशी जेवताना म्हणली, "आबा, मी त्रेसष्टचेच लावले व्हते ना? झाकण उचललं तवा मला मोठे दिसले."

राजाबाईचा हात थांबला. तिला काय ठावं न्हाई, पर तीबी माझ्याकडंच बघाय लागली. एवढी सोपी येळ परत यायची न्हाई. 'व्हय' म्हणायचं व्हतं, बास.

"न्हाई पोरी," मी म्हणलं. "गडबडीत तुझ्याच हातनं गेलं. पस्तीसचेच व्हते."

तिनं भाकरी मोडली. मग म्हणली, "असंल. मला आठवंना झालंय." वाद घालायची, पर धंद्यातला माझा शब्द तिनं कधी खोटा धरला न्हाई. ल्हानपणापासनं न्हाई.

काल दुपारी मी दुकानात व्हतो. ती दारात यिऊन उभी ऱ्हायली, हातात मोबाईल आणि चार्जर.

"आबा," ती म्हणली, "हा हितं लावला तर चालंल का? तुमीच लावून द्या."