मार्चमधला गुलखैरा

वॉशिंग मशीनने काम संपल्याची शिटी दिली आणि दुपारची शांतता मोडली. झोपलेल्या लेकीने, वल्लरीने, कूस बदलली, पण उठली नाही. म्हणजे अजून अर्धा तास माझा. मी डायनिंग टेबलावर बियांची पाकिटं मांडली.

कतारमध्ये, दोह्याच्या अबू हमूर भागातल्या या व्हिलाच्या आमच्या भागाला, मागच्या भिंतीलगत, हातभर रुंद मातीची पट्टी आहे. वसंतात ती फुललेली बघायची, एवढंच मला तीन वर्षं हवंय. पहिल्या वर्षी नाशिकच्या सवयीने मृगात बी टाकलं. जूनच्या दोह्यात ते मातीतच भाजलं. दुसऱ्या वर्षी जानेवारीत पेरलं. उशिरा कळ्या धरल्या आणि गरम वाऱ्याने दोन दिवसांत वाळवल्या. शेवटी शेजारच्या सायराभाभींनी सांगितलं, "यहाँ अक्तूबर में लगाओ, मार्च में फूल देखो."

आता ऑक्टोबर आहे. या वेळी मला सगळं माहीत आहे, आणि या वेळी नेमकं हे.

चेतन चहाचा कप घेऊन आला. "पुन्हा दुकान मांडलंस? त्यापेक्षा नर्सरीतून फुललेले पिटुनिया आणू. कुंडीत."

"कुंडीतच का?"

"उचलून कुणाला देता येतात."

आलंच ते. त्याच्या स्टेडियमचं काम फेब्रुवारीत संपतंय. फुटबॉलचा वर्ल्ड कप पुढच्या नोव्हेंबरात. तोवर बांधणाऱ्यांना ठेवतीलच असं नाही. नवं प्रोजेक्ट मिळालं तर इथे, नाहीतर नाशिक.

"एचआर काय म्हणाले?"

"इन्शाल्ला म्हणाले."

"त्या इन्शाल्लाला काही महिना-तारीख असते का रे?"

"मला काय विचारतेस? मी खुर्च्यांचे बोल्ट तपासणारा माणूस." तो हसला. मला हसू आलं नाही.

मी गुलखैऱ्याचं पाकीट उचललं, खुरपं घेतलं आणि बाहेर गेले. माती इतकी टणक, की खुरप्याचं टोक नुसतं सरकत होतं. मग मी बसूनच खणायला लागले, जरा जास्तच जोरात.

वल्लरी कधी मागे येऊन उभी राहिली कळलंच नाही. गालावर उशीची घडी उमटलेली. न सांगता ती फतकल मारून बसली आणि एकेका खड्ड्यात एकेक बी ठेवत गेली, निजवल्यासारखं.

"अगं, निदान कुंडीत तरी लाव," चेतन दारातून म्हणाला.

"याचं मूळ सरळ खाली जातं. नंतर उपटून नेलं तर जगत नाही."

तो कप घेऊन आत गेला.

"आई, बाबाचं स्टेडियम फेब्रुवारीत फिनिश होणार ना?" वल्लरीने शेवटच्या बीवर माती लोटली.

"हो."

"अँड फ्लॉवर्स इन मार्च?"

"हो गं."

तिने मातीच्या बोटांवर मोजून पाहिलं. मग माझ्याकडे बघितलं.

"देन हू इज इट फॉर, आई?"