उजवीकडचा जास्तीचा पाटा

ललित गेला त्याला महिना होत आला, तेव्हा घरात सगळ्यांची माझ्याबद्दल एकच तक्रार होती. मी रडत नव्हते. धुळ्याहून नणंद आली, माझ्या गळ्यात पडून पोटभर रडली, आणि जाताना दारात सासूला म्हणाली, "वैनी दगड शे." दगड तर दगड. मला खरंच काही वाटत नव्हतं. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई टोचतो, मग गाल आपलाच असून आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. भाकरी थापायच्या, भांडी घासायची, कोणी भेटायला आलं की चहा टाकायचा. हातांना सवय असते, ते आपले करत राहतात.

एकच गोष्ट मला पक्की ठाऊक होती. ललितची पिकअप विकायची नाही.

का, ते मला कोणी विचारू नये. विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. साक्रीच्या पश्चिमेला डांबर संपतं, पुढे नुसते दगड आणि नाले, आणि त्या दगडांतून पाड्यांवर जाणारी चारही चाकं ओढणारी गाडी आमचीच. ललित किराणा, खत, घरावरचे पत्रे वर न्यायचा आणि येताना नागली, भात बाजाराला खाली आणायचा. मेला तो काही गाडीत नाही. बाजाराच्या दिवशी टपरीवर चहा पिता पिता छातीवर हात ठेवून बाकावर बसला, तो उठलाच नाही. तरी लोकांनी नावं गाडीलाच ठेवली. लोकांचं काय, त्यांना कुणाला तरी नावं ठेवायला लागतात.

गाडी मला येत होती. ललितनेच पडीक शेतात शिकवली होती. मी ती बांधावर चढवली तेव्हा तो ओरडला नाही, खाली उतरून पोट धरून हसला. पुढे पाड्यांवर जातानाही अधूनमधून चालवायला द्यायचा, पण रिकामी असली तरच.

माझा दीर नवल वाईट माणूस नाही. अंगाने भावासारखाच आडवा, आणि मनात आलं ते तोंडावर बोलणारा. त्याने फैजपूरचं एक गिऱ्हाईक शोधलं, मगनभाऊ म्हणून, केळीच्या बागांतून माल काढायला त्याला अशीच गाडी हवी होती.

"वैनी, मनं ऐक," नवल म्हणाला. "गाडी इकी टाकू. तू कशी जाशी त्या दगडास्मा?"

"तुझा भाऊ जायचा तशी."

"तो माणूस व्हता."

"आणि मी काय म्हैस आहे?"

सासू, झुंबरबाई, भिंतीला टेकून गहू निवडत होती. शेवटी नवलनेच तोड काढली. शनिवारी भरलेली गाडी मी चिंचपाड्यापर्यंत न्यायची आणि परत आणायची. तो शेजारी बसून येईल. जमलं तर विकायची भाषा बंद. नाही जमलं तर रविवारी मगनभाऊ गाडी बघायला येईल आणि मी मध्ये बोलायचं नाही. मी हो म्हटलं.

पण गाडीच्या मागच्या डाव्या बाजूचा पाटा तडकलेला होता. पाटे म्हणजे मागच्या चाकांवर एकाखाली एक लावलेल्या वाकड्या लोखंडी पट्ट्या. सगळं ओझं त्यांच्यावर असतं आणि दगडात गाडी लवते, उसळते ती त्यांच्यामुळेच. ललित दोन बाजार तसाच हाकत होता. आज करू, उद्या करू, आणि मग करायचं राहूनच गेलं.

शुक्रवारी आम्ही गाडी भाईदासकडे नेली. गावाबाहेर बाभळीखाली त्याचं पाट्यांचं दुकान. तो ललितचा शाळेतला मित्र, आणि ललितच्या गाडीला दुसऱ्या कुणाचा पाना लागलेला नाही. दोन्ही बाजूंचे पाटे त्याने खाली काढले, तडकलेला बदलला, बाकीचे घासून ग्रीस लावून पुन्हा चढवले. मला बघून काय बोलावं ते त्याला सुचेना, म्हणून तो जास्तच जोरात ठोकत होता.

भाईदासची एक रीत आहे. पाटे बसवले की तो सगळे बोल्ट लगेच आवळत नाही. जॅक काढून गाडी चाकांवर उभी करतो, मागे नेहमीएवढं ओझं टाकतो, धन्याला स्टीअरिंगमागे बसवतो, मग दोन्हीकडे चाक आणि वरचा पत्रा यांमधलं अंतर विती-बोटांनी मोजतो. सारखं आलं की मगच शेवटचं आवळणं. गाडी हवेत असताना आवळलं की आतली रबरं पिळलेली राहतात आणि लवकर फाटतात. पण कारण विचारलं तर तो एवढं सांगत बसत नाही. म्हणतो, "धनी बसाबिगर आवळानं नही."

त्या दिवशीही त्याने तेच केलं. खताच्या गोण्या ललित ठेवायचा तशा, चालवणाऱ्याच्या बरोबर मागे, उजव्या अंगाला रचल्या. मग हात पुसत म्हणाला, "नवलभाऊ, बस रे गाडीमा."

नवल बसला. मी बाभळीखाली चहाचा कप धरून उभी होते. भाईदासने मोजलं, मान हलवली, बोल्ट आवळले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. खरं तर मला त्या महिन्यात कशातच काही वाटत नव्हतं.

शनिवारी सकाळी निघालो. सासूने भाकरी बांधून दिली आणि म्हणाली, "जपीसन जाय." डांबर होतं तोवर ठीक होतं. दगड लागले आणि गाडी डावीकडे कलायला लागली. डावीकडे नवल बसलेला, आणि डावीकडेच नाला. आधी मला वाटलं रस्ताच तसा आहे. मग सपाटीवरही ती तशीच. प्रत्येक दगडाला डावं अंग खाली बसायचं आणि उजवं काठीसारखं ताठ राहून मला सीटवरून उडवायचं. सीट ललितच्या मापाची, मागे सरकून गंजून बसलेली. माझ्या पाठीमागे उशी होती, तीही निसटत होती. चढाच्या वळणावर मागच्या गोण्या घसरल्या आणि गाडी नाल्याच्या बाजूला इतकी लवली की नवलने वरची कडी धरली आणि देवाचं नाव घेतलं. मी ब्रेक मारला.

"बस, वैनी," तो म्हणाला. आवाज चढवून नाही, हळूच. "तुनी चूक नही. पन बस."

मी जरा मागे घेऊन सपाटीला गाडी वळवली. भीती वाटायला हवी होती, ती वाटली नाही. लाज वाटायला हवी होती, तीही नाही. नवल वाटभर खिडकीबाहेर बघत होता. घरी आल्यावर त्याने मगनभाऊला फोन लावला, माझ्यासमोरच, कारण लपवून करणारा तो नाही. उद्या या म्हणाला.

मी गाडीच्या मागे गेले. घसरलेल्या गोण्या उचलून या वेळी मधोमध रचून ठेवल्या, काही न करता उभं राहवत नाही म्हणून. मग सहज भाईदास करतो तशी चाकावर वीत ठेवून बघितली. उजवीकडे वीत आणि वर चार बोटं. डावीकडे वीतसुद्धा पुरी बसेना. महिन्याभरात पहिल्यांदा मला काहीतरी झालं. राग आला. असा आला की कानशिलं तापली.

रविवारी सकाळी कुणाला न सांगता मी गाडी भाईदासच्या दारात नेऊन उभी केली. तो तोंड धूत होता.

"भाऊ, ही काय गाडी बसवली तुम्ही? म्हातारा काठी टेकून उभा राहतो तशी उभी आहे."

तो ओल्या तोंडानेच खाली शिरला. बराच वेळ बाहेर आला नाही. मग गाडीखालूनच त्याचा आवाज आला, "उजवीकडे एक पाटा जास्ती शे."

"कुणी घातला?"

"मीच. भलती वरसं झाली." तो बाहेर येऊन मातीत बसला. "ललित केवढा होता, वैनी. गाडी त्याच्या अंगाखाली उजवीकडे बसायची. त्यात तो माल पण आपल्या मागेच रचायचा, आरशात दिसला पाहिजे म्हणून. म्हणून उजवीकडे एक पाटा वाढवला होता. तो बसला की गाडी एकदम सरळ."

"आणि परवा तुम्ही सीटवर नवलला बसवलंत."

"हो."

"गाडी कोण चालवणार आहे?"

"बठ्ठं मनंच चुकनं," तो म्हणाला. "पाटे चढवताना मोजलेसुद्धा नाहीत. हातले सवय शे, वैनी. हात ललितचीच गाडी बांधत होता." आणि ग्रीसच्या चिंधीने डोळे पुसायला लागला. तोंडभर काळं झालं. मी उभी राहून बघत होते. माझ्या नवऱ्यासाठी हा रडतोय आणि मी कोरडी, हे मला कळत होतं, पण नुसतं कळतच होतं.

त्याने गाडी पुन्हा जॅकवर घेतली, उजवीकडचे पाटे सोडले आणि तो जास्तीचा पाटा काढून बाभळीच्या बुंध्याशी टाकला. बाकीचे परत चढवले, बोल्ट हातानेच ढिले लावले, गाडी चाकांवर उतरवली. माझी अडकलेली सीट त्याने पहारीने ठोकून पुढे सरकवली. तेवढ्यात मोटारसायकलवर नवल आणि मगनभाऊ आले. गाडी दारात दिसली नाही तेव्हा कुठे असेल ते नवलला बरोबर समजलं होतं. तो काही बोलणार होता, पण भाईदासने हात वर केला.

"बसा, वैनी. हलू नका."

मी बसले. पाठीला उशी लागली नाही. पाय पुरले. आरशात मी दिसत होते. भाईदासने उजवीकडे वीत ठेवली, वर बोटं ठेवली. मग डावीकडे जाऊन ठेवली. मग पुन्हा उजवीकडे आला.

"सारखी शे," तो म्हणाला. "सरळ उभी शे गाडी. आवळू का?"

महिनाभर मी यासाठीच भांडत होते. गाडी माझी व्हावी म्हणून. आणि आता ती माझी झाली होती, माझ्या वजनावर सरळ उभी होती, तर तिच्यात ललितला कुठे जागाच उरली नव्हती. सीट नाही, ओझं नाही, पाटा नाही. काल त्या वळणावर ती कलली तेव्हासुद्धा तो तिच्यात होता. आता नव्हता. तो मेला, हे मला त्या सीटवर समजलं.

"वैनी?" भाईदास पाना धरून थांबला होता. धनी हो म्हटल्याशिवाय तो आवळत नाही.

"आवळा, भाऊ," मी म्हटलं, आणि स्टीअरिंगवर डोकं ठेवून रडायला लागले. तोंडात पदर कोंबला तरी आवाज थांबेना. खाली पाना कुरकुरत होता. एकेक बोल्ट बसत होता आणि गाडी जरा जरा हलत होती. कोणी माझ्याजवळ आलं नाही, ते बरं केलं.

मगनभाऊ भला माणूस. तो दूर जाऊन उभा राहिला होता. मी डोळे पुसून वर बघितलं तेव्हा नवल त्याला सांगत होता, "माफ करा, मगनभाऊ. तुमले उगाच हेलपाटा पडना. गाडीले धनी शे."

भाईदासने तो काढलेला पाटा उचलून मागे टाकायला आणला. मी नको म्हटलं. तुमच्याकडेच राहू द्या, कुणाच्या तरी गाडीला लागेल.

मग नवल डावीकडे येऊन बसला आणि आम्ही चिंचपाड्याच्या रस्त्याला लागलो.